फरशी कधी बसवणार?

आमच्या घरात गेल्या वर्षी अक्रोडाचं झाड पडलं.

वादळात नाही. लोकशाही मार्गाने. चार माणसांच्या घरात तीन विरुद्ध एक असं मतदान झालं आणि हॉलपासून बेडरूमपर्यंत गडद तपकिरी इंजिनिअर्ड वूडची जमीन करायचं ठरलं. विरोधातलं एकमेव मत आईचं. वय वर्षं 81. तिचा प्रश्न एवढाच होता, की आहे ती फरशी फुटलीय का?

फुटली नव्हती. म्हणून तर त्याला नूतनीकरण म्हणायचं. फुटली असती तर ती दुरुस्ती झाली असती, आणि दुरुस्तीचे फोटो कोणी कोणाला पाठवत नाही.

फोटो कन्येने दाखवले होते. गडद जमीन, पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, एक उभा दिवा, कोपऱ्यात कुंडी. शंभरेक फोटो असतील. त्यातल्या एकातही माणूस नव्हता हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. चपला नाहीत, दोरीवर कपडे नाहीत, सोफ्याखाली गेलेला चेंडू नाही. ती घरं राहायला केलेलीच नव्हती.

आम्ही मात्र राहायचं ठरवून बसलो होतो.

आधी तो शब्द बघा. इंजिनिअर्ड वूड. महाराष्ट्रात घरटी एक इंजिनिअर आहेच, आता जमीनही इंजिनिअर. तिचंही तसंच असतं. वर डिग्री एका विषयाची, आत मालमसाला भलताच. वरचा पापुद्रा खऱ्या अक्रोडाचा किंवा ओकचा, खाली प्लायवूड. पापुद्रा स्वस्तातल्या फळीत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, बऱ्या फळीत तीन-चार मिलिमीटरचा, आणि फारच ऐपत असेल तर सहाचा. बाकी सगळी जाडी प्लायची. काम करणार प्लाय, नाव होणार अक्रोडाचं.

कुठल्याही कचेरीत हेच चालतं, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

पण युक्ती खरी आहे, हे कबूल. लाकूड ओल शोषतं, फुगतं, आणि फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने. म्हणून खालचे थर एकाआड एक उलट्या दिशेने चिकटवतात. एकाने अंग पसरायचं म्हटलं की खालचा आडवा येतो. एकत्र कुटुंबाचं तत्त्व. स्वीडनमध्ये 1941 साली अशा थरांच्या फरशीचं पेटंट घेतलं गेलं. घेणाऱ्याचं नाव गुस्ताफ, आणि आडनाव, अक्षरं दिसतात तशी वाचली तर, केर. स्वीडिश लोक उच्चार वेगळा करतात म्हणे. करोत. गडद जमीन घरात घातलेल्या माणसाला ते आडनाव मराठीतच ऐकू येतं.

केराकडे येऊच. आधी दुकान.

दुकानात शिरलात की लाकडाचे चार प्रकार दाखवतात. त्यातले तीन लाकूड नसतात. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुश्शावर लाकडाचा फोटो, त्यावर प्लास्टिकचं कवच. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, वर पुन्हा फोटो. तिसरी वूड फिनिश व्हिट्रिफाइड टाइल. ही मोरबीच्या भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास भाजून निघते. एवढी आग सोसूनही ज्याचा कोळसा होत नाही असं लाकूड जगात फक्त मोरबीला मिळतं.

चौथं इंजिनिअर्ड वूड. विक्रेता तिथे आवाज खाली आणतो. ‘‘सर, हे रिअल आहे.’’

खोट्या तिघांपैकी दोघांवर पाणी सांडलं तर काही होत नाही, खऱ्यावर सांडलं तर होतं. खरेपणाची एवढी खूण पुरे असते. आम्ही खरं घेतलं.

मग रंग. फिका घ्यायचा की गडद? फिका मध्यमवर्गीय दिसतो, असं मत पडलं. आम्ही कोण आहोत, हे त्या क्षणी कोणीही विचारलं नाही.

गडदपणा तीन वाटांनी येतो. एकतर लाकूड जन्मतःच गडद असतं, अक्रोडासारखं. नाहीतर फिक्या लाकडाला रंग पाजतात. तिसरी वाट खानदानी. ओकचं लाकूड बंद खोलीत ठेवून त्याला अमोनियाची धुरी देतात. ओकमधलं टॅनिन आणि अमोनिया एकमेकांना भेटले की लाकूड आतपर्यंत काळपट होतं. कॅटलॉगमध्ये त्याला स्मोक्ड म्हणतात आणि किंमतही तशीच धूर काढणारी. इंग्लंडात तबेल्यातल्या ओकच्या तुळया घोड्यांच्या मुताने काळ्या पडलेल्या कोणी पाहिल्या आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात.

म्हणजे हाही रंग गोठ्यातूनच आला.

आई ते न वाचताच बोलली होती. जमीन घालून झाली, कारागिरांनी पसारा आवरला, दिवे लागले. आई चष्मा सावरत आली, बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘छान दिसतेय हो. नुकतीच सारवल्यासारखी.’’

चौरस फुटाला काही शे रुपये मोजले होते आम्ही.

आणि गंमत अशी, की तिचं बरोबर होतं. आईचं माहेर कोकणातलं. तिकडे शेणात कोळशाची पूड कालवून जमीन सारवत, म्हणजे ती काळीशार आणि तुकतुकीत दिसे. गडद, मॅट, पायाला मऊ, ओल शोषणारी, कडेला बोटांच्या नक्षीची हॅण्डक्राफ्टेड बॉर्डर. आजच्या कॅटलॉगमधलं एकेक विशेषण तिला लागू होतं. ओरखडा उठला? पुढच्या सारवणाला गेला. खड्डा पडला? माती भरा, सारवा. रिफिनिशिंग दर आठ-पंधरा दिवसांनी, आयुष्यभर, फुकट.

आमच्या अक्रोडाचा पापुद्रा तीन मिलिमीटरचा. तो फार तर दोनदा घासता येतो. तिसऱ्यांदा घासला तर प्लायवूडचं दर्शन होतं. अर्ध्या मिलिमीटरवाल्याला तर एकदाही घासायची सोय नाही. त्याचं आयुष्य पहिल्या गुळगुळीत दिवसापासून उतरणीला लागलेलं.

पण शेणाला वॉरंटी कार्ड नव्हतं ना. तिथे ते मागे पडलं.

मराठी माणसाचं आणि लाकडाचं जुनं नातं आहे, असं कोणी सांगेल. आहे की. पण ते कुठे होतं बघा. वाड्यांत सागाचे खांब असत, तुळया असत, तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी असे. खाली बसलेल्याला ती छत म्हणून दिसे. आणि वर माडीवर? तिथे त्याच फळ्यांवर माती पसरून वरून सारवलेलं. म्हणजे लाकूड डोक्यावर होतं, पायाखाली मातीच होती. आजोबांना सागाची किंमत माहीत होती, म्हणून त्यांनी ते झाकलं. आम्हाला बिल माहीत आहे, म्हणून आम्ही ते उघडं ठेवलं.

मुंबईत तर आणखी मजा. गिरगावातल्या चाळीचा लाकडी जिना पावलागणिक करकरायचा, त्याला कंटाळून एक अख्खी पिढी ठाणे, डोंबिवली, मुलुंडला सिमेंटच्या घरात गेली. त्यांची नातवंडं आता दुकानात जाऊन विचारतात, वॉक केल्यावर थोडा वूडन साउंड येतो ना?

येतो. विशेषतः खाली फोमची पातळ चादर टाकून जमीन तरंगती बसवली असेल तर छान पोकळ येतो. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना अजून छान येतो. त्यांनी सोसायटीला तसं लिहून दिलं आहे.

मधल्या काळात आपण काय काय तुडवलं? शहाबादी, कडप्पा, कोटा. सिमेंटचा लाल कोबा. 1922 साली मुंबईत स्वदेशीच्या वाऱ्यात रंगीत सिमेंटच्या टाइल्स बनू लागल्या, त्यातल्या काही जुन्या इमारतींत अजून तशाच आहेत. आणि मग मोझेक. मोझेकची टर उडवण्यात आमची तरुणाई गेली. आता त्याच्यापुढे हात जोडतो. मोझेक म्हणजे आधीच सांडून ठेवलेली फरशी. त्यावर तुम्ही काहीही सांडा. चिवडा सांडा, शेंगदाण्याची सालं सांडा. पायात टोचेपर्यंत दिसत नसे.

गडद लाकडावर सगळं दिसतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते. लोकांचा समज असा, की गडद रंगावर मळ दिसत नाही. पॅण्टवर नसेल दिसत. जमिनीवर उलटं. आपला मळ गडद नसतोच मुळी. धूळ फिकी, पीठ पांढरं, टाल्कम पावडर पांढरी, भाताचं शीत पांढरं, आणि आमच्या वयाच्या घरात गळणारे केसही आता पांढरे. शेजारच्या प्लॉटवर बारा मजली इमारत चढतेय, तिची धूळ सिमेंटच्या रंगाची. सकाळी नऊला केर काढला की साडेनवाला जमिनीवर साय धरते. खिडकीतून ऊन तिरपं आलं की त्या सायीवर घरातल्या प्रत्येकाची ये-जा उमटलेली दिसते. रात्री फ्रिजपर्यंत कोण गेलं होतं हे आमच्याकडे विचारावं लागत नाही.

पोलिसांना जे पावडर टाकून करावं लागतं ते आमच्याकडे आपोआप होतं.

पाण्याचं तसंच. आमच्या सोसायटीत वर्षातले सहा महिने टँकर. ते पाणी जड. त्याचा एक थेंब गडद जमिनीवर पडून वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका राहतो. न्हाणीघरातून कपाटापर्यंत ओल्या पायांनी गेलेल्या माणसाचा पूर्ण प्रवास अक्षांश-रेखांशासह वाचता येतो.

आणि पुसायचं कसं? हा प्रश्न पडायच्या आतच मावशी आल्या.

मावशी आमच्याकडे बारा वर्षं केर-फरशी करतात. नवी जमीन झाली त्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, दारात थांबल्या, बादली खाली ठेवली, सगळीकडे नजर फिरवली आणि सौ.ना म्हणाल्या, ‘‘वहिनी, ही फळकुटं टाकून झाली, आता फरशी कधी बसवणार?’’

त्यावर आमच्या घरात जी शांतता पसरली तिला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मग त्यांना नियम सांगितले. बादली नाही. फिनेल नाही. फडकं घट्ट पिळून, नुसतं दमट. रेषेच्या दिशेने पुसायचं. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे पुसायचं नाही, पुसल्यासारखं करायचं?’’ इतक्या कमी शब्दांत कंपनीलाही सांगता आलं नव्हतं. कंपनीने त्यासाठी आठ पानांची पुस्तिका दिली होती.

पाण्याने खळखळून धुतल्याशिवाय आपल्याला स्वच्छ वाटत नाही, हा आपला स्वभाव. सणाच्या आदल्या दिवशी घर धुवायचं असतं. हा काही आपलाच रोग नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातही संगमरवर सारखा धुवावा लागे आणि ते पाणी झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजत. शेवटी 1684 साली त्यांनी संगमरवर काढला आणि लाकडी पार्केट घातलं. म्हणजे लाकडी जमीन राजवाड्यात आली ती धुणं बंद व्हावं म्हणून. तिथे कारण आधी आलं, लाकूड नंतर. आमच्याकडे लाकूड आधी आलं. कारण अजून वाटेत आहे.

बरं, फ्रान्स-स्वीडनचं अनुकरणच करायचं तर निदान पुरतं करावं की नाही? तिकडे लाकूड का घालतात? दगड पायाला बर्फासारखा लागतो म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात माणूस दुपारी पंखा लावून, सतरंजीसुद्धा बाजूला सारून, उघड्या फरशीवर पाठ टेकतो ती का? तीच फरशी थंड लागते म्हणून. ते एक फुकटचं सुख होतं. लाकूड पाठीची उष्णता खेचून घेत नाही, पाठीलाच परत करतं. आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलला एसी बसवला.

आणि स्वीडिश माणूस घरात जमीन फिकी ठेवतो. हिवाळ्यात ऊन नाही, जो काय उजेड असेल तो परतून यावा म्हणून. आम्ही बाल्कनीबाहेर बारा मजली इमारत असलेल्या हॉलमध्ये गडद जमीन घातली आणि दुपारी बारा वाजता दिवे लावले.

ओरखड्यांबद्दल थोडं शास्त्र. गाब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन लाकूडतज्ज्ञाने 1906 मध्ये लाकडाचा टणकपणा मोजायची रीत काढली. सव्वाअकरा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो तो मोजायचा. अमेरिकन व्हाइट ओकला साधारण 1360 पाउंड लागतात, अमेरिकन अक्रोडाला 1010. म्हणजे गडद म्हणून आम्ही जे जास्त पैसे देऊन घेतलं ते फिक्यापेक्षा मऊ निघालं.

ऑस्ट्रियात पोलादी गोळी वापरत. आमच्याकडे ही चाचणी नारळाने झाली. देवापुढे वाढवायचा नारळ भाच्याच्या हातून निसटला. नारळ शाबूत राहिला.

त्या खड्ड्यावर आता कुंडी ठेवली आहे. फोटोंतल्या कुंड्या कोपऱ्यात का असत, ते तेव्हा कळलं.

गडद लाकडावरचा ओरखडा गडद नसतो. वरचं पॉलिश दुखावतं आणि पांढरी रेघ उठते, पाटीवर पेन्सिलने ओढल्यासारखी. फिक्या, रेषारेषांच्या, थोड्या खरबरीत लाकडावर तीच रेघ इतर रेघांत मिसळून जाते. गुळगुळीत, चकचकीत आणि काळपट असा त्रिवेणी संगम साधलात तर मात्र रेघेरेघेचा हिशेब राहतो. म्हणून खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावल्या. टिकल्या पडतात. दर पंधरा दिवसांनी नव्या लावायच्या. घरात एवढ्या टिकल्या चैत्रातल्या हळदीकुंकवालाही लागत नाहीत.

हळदीकुंकवावरून आठवलं. गडद जमिनीवर रांगोळी काय खुलते! पांढऱ्या टाइलवर तीस वर्षं रांगोळी चाचपडत होती. गडद अक्रोडावर पहिल्या दिवशी तिचा ठिपका ठिपका बोलला. सगळ्यांनी वाहवा केली. एवढाच एक मुद्दा आमच्या बाजूने होता.

रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड. शिरगोळा म्हणजे दगड. दुसऱ्या दिवशी ती झाडताना आम्ही जमीन बारीक दगडाने घासत होतो. त्या जागी आता एक धुरकट वर्तुळ आहे, मोडलेल्या रांगोळीएवढं. पुढच्या दिवाळीपासून रांगोळी जिन्यात. जिन्यात कोटा आहे. त्याला कशाचंच काही वाटत नाही.

हवेचं काय? एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा अशी, की गच्चीत टाकलेला पापड तासाभरात कडक. जुलैत डब्यातला पापडही सादळतो. लाकूड म्हणजे मोठा पापडच. त्याला वर्षभर बेताची हवा लागते, फार कोरडी नको, फार दमट नको. वर्षातले असे किती दिवस आपल्या वाट्याला येतात? नोव्हेंबर-डिसेंबरचे काही. त्या दिवसांत आमची जमीन फारच सुरेख दिसते.

बाकी वर्षात ती जगते. उन्हाळ्यात सांध्यांत केसभर फटी, पावसाळ्यात सांधे उचलल्यासारखे. म्हणून भिंतीकडेने सेंटीमीटरभर जागा मोकळी सोडतात आणि वर स्कर्टिंगची पट्टी मारून ती झाकतात. एका पठ्ठ्याने ही जागा सोडली नाही. फिनिशिंग क्लीन हवं होतं त्याला. ऑगस्टात त्याच्या हॉलच्या मध्यभागी जमिनीला पोट आलं. आता पाहुण्यांना तो ते वळसा घालून दाखवतो.

जुन्या फरशीवरच नवी चढवली की जमिनीची पातळी वर येते. मग दारं घासतात. मग दारं तासायची. मग तासलेल्या दारांना पॉलिश. मग पॉलिश केलेल्या दारांपुढे चौकटी जुनाट दिसतात. आपण निवडली होती फक्त जमीन, बरं का.

बाल्कनीच्या सरकत्या दाराशी जुलैत झड येते. पूर्वी तिथे पायपुसणं टाकत असू. आता पहिल्या ढगाला माणूस उभा करतो. वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातून गळती झाली तर? विचारच करत नाही. पूर्वी त्यांच्याकडे भांडायला जायचो, आता प्रकृती विचारायला जातो.

वॉरंटी आहे. 25 वर्षांची. कौतुकाने वाचायला बसलो. ओलाव्याने झालेलं नुकसान धरलेलं नाही. ओरखडे धरलेले नाहीत. उन्हाने उडालेला रंग धरलेला नाही. जड वस्तू पडून झालेले खड्डे धरलेले नाहीत. चुकीची साफसफाई धरलेली नाही. वाळवी धरलेली नाही. मग उरलं काय? बहुधा जमीन चोरीला गेली तर.

तीही धरलेली नव्हती.

तरीही घ्यायचीच आहे म्हणता? घ्या बापडे. सल्ला विचारून कोणी फरशी घेत नाही, आम्हीही घेतली नव्हती. फक्त दुकानात ‘किती गडद’ विचारण्याआधी ‘वरचा पापुद्रा किती मिलिमीटर’ ते विचारा. विक्रेता एकूण जाडी सांगेल, पंधरा. तुम्ही पुन्हा पापुद्रा विचारा. तो चहा मागवेल. तिसऱ्यांदा विचारा. खालच्या स्लॅबची ओल मोजून घ्या. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा आणि बाल्कनीची कड सोडून द्या. आणि नमुना दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नका, तिथे भाकरीही अक्रोडासारखी दिसते. हातभर फळी घरी आणा, खिडकीशी टाका, आठवडाभर तिच्यावर संसार करा. पावडर लावलेले पाय, ओले पाय, पोरांच्या गाड्या, चहाचा कप. आठव्या दिवशी ती आवडली तर तुमचं नशीब.

आम्ही फळी आणली होती. काचेच्या कपाटात ठेवली होती. फारच आवडली होती.

पाहुणे आले की वाक्यं ठरलेली. ‘‘वा, काय रिच दिसतंय!’’ त्यावर आमचं, ‘‘हो ना. खुर्ची जरा उचलून घ्याल? ओढू नका.’’ पूर्वी आम्ही बसा म्हणायचो.

आणि शेवटी ऊन. लाकडाला उन्हाने रंग चढतो असं आम्ही धरून चाललो होतो. काहींना चढतो. अक्रोडाचा उतरतो. जे लाकूड गडद म्हणून निवडलं ते उजेडात हळूहळू फिकट होत जातं, हे आम्हाला सतरंजीने सांगितलं. दिवाळीच्या सफाईला हॉलमधली सतरंजी उचलली तर खाली एक लांबरुंद गडद चौकोन. बाकी हॉल दुधाच्या चहासारखा. सतरंजी परत होती तिथेच टाकली. ती आता हलवायची नाही. रेराच्या 2016 च्या कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय ते सांगितलं आहे. आमच्याकडे तो सहा बाय चार आहे.

पडदे दिवसभर ओढून ठेवतो. दिवे लागलेलेच असतात. नाहीतरी लावावे लागतच होते.

सुताराने जाताना बजावलं होतं, वेस्टेज म्हणून जास्तीची खोकी घेतलीत ती टाकू नका, उद्या एखादी फळी बदलावी लागली तर उपयोगी पडतील. दोन खोकी माळ्यावर ठेवली. परवा नारळाच्या खड्ड्याची फळी बदलू म्हणून त्यातलं एक उघडलं. आतली फळी काढून जमिनीवर धरली. मावशी केर काढता काढता थांबल्या, वरची फळी बघितली, खालची बघितली.

‘‘हा रंग बरा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हाच घ्यायचा होता.’’

खोकं बांधून परत माळ्यावर टाकलं.